बाळाचा खुबा सरकलाय असं कळलं तर: दीड महिन्याच्या डोसपासून पहिल्या पावलापर्यंत

बाळुतं बदलताना बाळाचे गुडघे वाकवून मांड्या सोडल्या की दोन्ही मांड्या बेडकासारख्या अलगद अंथरुणाकडं पडतात. माझ्या लेकीची उजवी मांडी पडायची, डावी अर्ध्यातच अडायची. रोज आठ-दहा वेळा बाळुतं बदलूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. सासूबाई न्हाऊ घालत होत्या. पायांवर पालथ्या घेतलेल्या लेकीच्या मांडीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्या मांडीला एक वळी जास्त हाय बघ. आन् पाय बी आखूड वाटतोय."

लेक तेव्हा साडेतीन महिन्यांची होती. ज्या दवाखान्यात पहिल्यांदा दाखवलं तिथं सांगितलं, "मोठी होऊ दे जरा, चालायला लागली की बघू." आम्ही ऐकलं आणि दोन महिने घालवले. त्या दोन महिन्यांमुळं पट्ट्यावर भागलं असतं ते प्लास्टरवर गेलं असावं, असं मला आजही वाटतं. म्हणून सांगली-साताऱ्याकडच्या ज्या आईबापांना हे नुकतंच कळलंय, किंवा नुसती शंका आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी काय झालंय ते समजून घ्या

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोटीसारखं गोल असतं. ती गोटी कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते. तान्ह्या बाळाची ही वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. ओल्या मातीच्या गोळ्यात अंगठा दाबून पणती करतात ना, तसंच इथं होतं. गोटी वाटीत दाबून बसलेली राहिली तर खळगा खोल होत जातो. गोटी सैल असली, काठावर असली किंवा बाहेर निसटली तर वाटी उथळच राहते. डॉक्टर याला 'डीडीएच' (डेव्हलपमेंटल डिस्प्लेशिया ऑफ द हिप, म्हणजे खुब्याची वाढ नीट न होणं) म्हणतात. कुणाचा खुबा नुसता सैल असतो, कुणाची वाटी उथळ असते, कुणाचा सांधा पूर्ण निखळलेला असतो, आणि या सगळ्याला नाव एकच.

बाळाला हे दुखत नाही, आणि फसवणूक होते ती इथंच. बाळ हसतं, खेळतं, पालथं पडतं, पाय झाडतं. दुखायला लागतं ते मोठेपणी, सांधा झिजल्यावर. उपचारच झाला नाही तर ऐन तारुण्यात खुबा बदलायची वेळ येऊ शकते.

पूर्ण निखळलेला खुबा साधारण दर हजारात एक-दोन बाळांना असतो. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांच्या चार-पाच पट आहे. पहिलटकरणीचं बाळ, पोटात पाणी कमी असलेलं बाळ, घरात आधी कुणाचा खुबा सरकलेला, यांनी धोका वाढतो. डावी बाजू जास्त सापडते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे बाळ पोटात उलटं, म्हणजे डोकं वर असणं. आपल्याकडं पायाळू मुलाचं केवढं कौतुक! पाठीत उसण भरली की पायाळूची लाथ खायला लोक दारात येतात. कौतुक खुशाल करा, पण पायाळू बाळाचे खुबे तपासून घ्या. बाळ पायाकडून नव्हे तर बैठकीकडून खाली असलं तरी, आणि सिझेरियन झालं असलं तरी.

यात आईची चूक कणभरही नाही. ग्रहणात भाजी चिरली म्हणून खुबा सरकत नाही, आणि गरोदरपणी जिने चढले म्हणूनही नाही. मला हे दोन्ही ऐकवलं गेलं. ज्या घरात अशी कुजबुज चालते, तिथल्या एका वडीलधाऱ्या माणसाला तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की बोलणं थांबतं.

डोसच्या दिवशी खुबे बघायला सांगा

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नववा महिना. या डोसांना आपण बाळाला नेतोच. प्रत्येक वेळी एकच वाक्य बोला: "मॅडम, खुबे पण बघा." बाळाला उताणं झोपवून मांड्या हलक्या हातानं बाजूला नेऊन बघायला दोन मिनिटं लागत नाहीत. बाळ रडत असेल तर दूध पाजून शांत करून मगच दाखवा. रडून अंग ताठ केलं की काहीच कळत नाही. आणि ही तपासणी घरी करून बघू नका. सांधा दाबून बघणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे.

बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला हा त्रास असेल, तर हाताच्या तपासणीवर थांबू नका. दीड महिन्याच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करून घ्या. पहिल्या चार-सहा महिन्यांत हाड नीट तयार झालेलं नसल्यानं एक्स-रेत फारसं दिसत नाही, सोनोग्राफीत मऊ कूर्चासुद्धा दिसते. ऑस्ट्रियाचे डॉक्टर राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास बसवलेली मोजण्याची पद्धत आजही वापरतात, रिपोर्टवर 'ग्राफ टाइप' असं लिहिलेलं दिसेल ते त्यांच्याच नावाचं. चार ते सहा महिन्यांनंतर मात्र एक्स-रे. त्यातल्या किरणांचं प्रमाण थोडं असतं, त्या भीतीनं तारीख पुढं ढकलू नका.

घरी लक्ष ठेवायच्या खुणा: एक मांडी कमी उघडते, एक गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली दिसतो, मांडीच्या वळ्या सारख्या नाहीत. वळ्यांचा फरक चांगल्या बाळांतही असतो, त्यामुळं तेवढ्यावर घाबरायचं नाही, पण दाखवायचं नक्की. दोन्ही खुबे सरकलेले असले तर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तेव्हा तुलना करून काही हाती लागत नाही. चालायला लागलेलं मूल एका बाजूला लचकत, किंवा बदकासारखं डुलत चालत असेल तर "वजनदार आहे म्हणून" असं म्हणून सोडून देऊ नका.

कुठं जायचं

लहान मुलांचे हाडांचे डॉक्टर शोधा. मोठ्यांचे गुडघे बदलणारा कितीही नामांकित डॉक्टर असला तरी सहा महिन्यांच्या खुब्याचं काम वेगळं. सांगलीकरांना मिरज जवळ आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना सुरू केला तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातले आणि सीमेपलीकडचे पेशंट तिथं येतात. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत सिव्हिल आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडला कृष्णा हॉस्पिटल. गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की इथं लहान मुलांचे खुबे कोण बघतं, आणि ते कोणत्या वारी असतात. काही गोष्टींसाठी कोल्हापूर किंवा पुणं गाठावं लागलं तरी तपासणीच्या फेऱ्या जवळ आणि ऑपरेशन लांब, अशी वाटणी डॉक्टर करून देतात.

खर्चासाठी दोन दारं ठोठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, आणि त्यात तपासायच्या जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याचा हा दोष नावानिशी आहे. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला किंवा आशाताईंना सांगा, ते पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. दुसरं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला घेऊन दाखल होण्याच्या आधी त्यांना भेटा. नेमकं कोणतं ऑपरेशन बसतं ते दाखल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

मुलगी आहे, पुढं बघू, असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. मुलगी आहे म्हणूनच आज बघायचं. वेळेत बसवलेल्या खुब्याची मुलगी पळते, सायकल चालवते, संसार करते.

मालिश, बांधणं आणि कडेवर घेणं

आपल्याकडची एक रीत खुब्याला घातक आहे आणि एक फार चांगली. बाळाला दुपट्यात करकचून बांधताना पाय सरळ ओढून एकमेकांना चिकटवतात, "पाय वाकडे राहू नयेत म्हणून". ती घातक. तान्ह्या बाळाचे पाय वाकलेलेच असायला हवेत. हात-छाती गुंडाळा, पण कमरेखाली दुपटं सैल ठेवा, गुडघे वर घेऊन बाजूला पाडता येतील इतकं. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळाचे पाय सरळ बांधू नका अशी मोहीम झाली आणि तिथं निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. एवढ्याशा बदलाचा एवढा परिणाम.

मालिशवाल्या मावशींना हात जोडून सांगा: पाय ओढायचे नाहीत, घोटे धरून उलटं करायचं नाही, आणि अडलेली मांडी जोर लावून फाकवायची तर अजिबातच नाही. गोटीला रक्त पुरवणाऱ्या शिरा नाजूक असतात, जोर लावला तर ते हाडच खराब होऊ शकतं. आमच्या मावशी चाळीस वर्षं बाळं न्हाऊ घालत होत्या, त्यांना वाईट वाटलं. मी त्यांना मोबाईलवर एक्स-रे दाखवला, गोटी कुठं असायला हवी आणि कुठं आहे ते बोटानं दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पायाला नुसतं तेल लावलं.

चांगली रीत म्हणजे कडेवर घेणं. दोन पाय आपल्या कमरेभोवती, गुडघे वाकलेले, मांडीखाली आपल्या हाताचा आधार. खुब्याला हवी ती बैठक हीच. बाळानं मान धरली की डॉक्टरांना विचारून कडेवर घ्या. झोळीत मात्र दोन्ही पाय एकमेकांवर दाबले जातात, तिथं फार वेळ ठेवू नका. दोन-दोन लंगोट घालून खुबा बसतो असं कुणी सांगेल, पण तो इलाज नाही, त्यात वेळ तेवढा जातो.

पट्टा लागला तर

सहा महिन्यांच्या आत निदान झालं तर बहुतेक वेळा पाव्हलिक हार्नेस लावतात. चेकोस्लोव्हाकियाचे डॉक्टर अर्नोल्ड पाव्हलिक यांनी १९४० च्या दशकात हा पट्टा काढला. छातीला आडवा पट्टा, खांद्यावरून दोन, आणि पायांना रिकिबीसारखे मोजे. गुडघे वर, मांड्या बाजूला, पण बाळाला पाय हलवता येतात. त्या हलण्यातूनच वाटी घडते. सहा ते बारा आठवडे, सुरुवातीला दिवसाचे जवळजवळ चोवीस तास. लवकर लावला तर बऱ्याच बाळांचं काम इथंच होतं.

पहिले तीन दिवस बाळ चिडतं, झोप मोडते. चौथ्या दिवशी सवय होते, आणि तोपर्यंत घरातल्या सगळ्यांनी दम धरायचा. "काढ गं तासभर, किती रडतंय" म्हणणारं कुणीतरी असतंच. काढायचं नाही. पट्टे घरी घट्टसैलही करायचे नाहीत. डॉक्टरांनी खूण केली असेल तिथं पेनानं रेघ मारून ठेवा, सरकला तर लगेच कळतं.

आत पातळ सुती झबलं, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. डायपर पट्ट्यांच्या आतून घालायचा, आणि बदलताना घोटे धरून पाय वर उचलायचे नाहीत, कुल्ल्याखाली हात घालून उचलायचं. कुशीवर झोपवू नका, वरचा पाय आत पडतो. अंग ओल्या फडक्यानं पुसा. पट्ट्याखाली तेल नको, पावडर नको. गुडघ्यामागच्या आणि मानेच्या घड्या रोज कोरड्या करा. पट्टा लावलेल्या पायानं बाळ लाथा मारायचं थांबलं, गुडघा सरळ करेनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पायाची नस (मज्जातंतू) दबलेली असू शकते, आणि पट्टा वेळेत सैल केला की बहुधा ती सुधारते.

तीन-चार आठवड्यांत खुबा बसला नाही तर डॉक्टर पट्टा बंद करतात. आमचं तसंच झालं. मी त्या दिवशी मिरज स्टँडवर बसून रडले. पण पट्टा हरला म्हणून उपचार संपत नाही.

प्लास्टर: घरचे बारा आठवडे

सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान बहुधा भूल देऊन, न कापता खुबा बसवतात आणि छातीखालपासून पायांपर्यंत प्लास्टर घालतात. त्याला स्पायका म्हणतात. साधारण बारा आठवडे, मध्ये एकदा भूल देऊन बदलतात. दीड वर्षाच्या पुढं कापून बसवणं, कधी वाटीचं किंवा मांडीचं हाडही नीट करणं, असं मोठं काम निघतं. भुलेच्या आधी अंगावरचं दूध चार तास आणि वरचं दूध किंवा खाणं सहा तास बंद ठेवायला सांगतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

घरी आणल्यावर पहिली रात्र अवघड. बाळ एकदम जड लागतं आणि धरायचं कुठं ते कळत नाही. एक हात कुल्ल्याखाली, एक खांद्याखाली. दोन पायांमध्ये दांडी असते, ती उचलायला नसते, ती धरून उचललं तर प्लास्टर तुटतं. साधं प्लास्टर पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात, तोवर उशीवर ठेवा आणि बोटांनी दाबू नका, तळहातानं धरा. दर दोन तासांनी कूस बदला: उताणं, थोडं तिरकं, जागेपणी तुमच्या नजरेसमोर पालथं.

खरी लढाई शी-शूची. प्लास्टरला खाली खिडकी ठेवलेली असते. आधी लहान मापाचा डायपर घ्यायचा, त्याचे चिकटपट्टे लावायचेच नाहीत, आणि त्याच्या कडा दोन बोटांनी प्लास्टरच्या आत सगळीकडून खोचायच्या. पुढून, मागून, जांघेतून. त्यावरून मोठ्या मापाचा डायपर बाहेरून बांधायचा. मला पहिल्यांदा याला पंधरा मिनिटं लागली होती, आठवड्याभरात दिवा न लावता जमायला लागलं. दिवसा दर दोन तासांनी बघा, रात्री तीन-चार तासांनी गजर लावून उठा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा, म्हणजे शू पाठीकडं न जाता खाली डायपरकडं उतरते. ही वीट मला एका अनुभवी सिस्टरनं सांगितली, आणि त्या बारा आठवड्यांत मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला तो होता. प्लास्टरच्या कडांना जलरोधक टेपचे तुकडे पाकळ्यांसारखे आतबाहेर चिकटवा. ओलं झालंच तर हेअर ड्रायरची गार हवा, गरम कधीच नाही, कातडी आत भाजते.

आमचं प्लास्टर मार्चमध्ये घातलं. सांगलीचा उन्हाळा, बाळ घामानं निथळायचं. दुपारी फरशीवर चटई, खिडकीत ओली चादर आणि पंखा. आत खाजलं की बाळ कुरकुरतं, तेव्हा पट्टी किंवा विणायची सुई घालू नका, बाहेरून टकटक करा. जेवताना गळ्यापासून प्लास्टरवर मोठं फडकं पसरा. एकदा जावेच्या लेकानं मायेनं मूठभर भडंग तिच्यापुढं ओतलं. घशात अडकलं नाही हे नशीब, पण एक शेंगदाणा पोटाकडून आत घरंगळला. दोन दिवस ती का रडते ते कळेना. टॉर्च लावून बघितलं तर कडेच्या आत लाल डाग आणि त्यात तो दाणा. त्यानंतर रोज संध्याकाळी टॉर्चनं चारी कडा बघायचा नेम केला. तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

बसवायला लोड आणि उशा लावता येतात. आम्ही सुताराकडून बुटका पाट करून घेतला, बसायला मधोमध रुंद फळी आणि पाय दोन्हीकडं सोडायला जागा. त्यावर बसून ती नाचणीची खीर खायची, वाटी वाजवायची. मोटारसायकलवर न्यायचं नाही. एसटीनं जाणार असाल तर गर्दीची वेळ टाळा आणि दोघांनी मिळून जा. नदीकाठच्या भागात राहत असाल आणि प्लास्टर पावसाळ्यात असेल, तर कृष्णेचं पाणी चढायची बातमी आली की वाट न बघता आधीच पाहुण्यांकडं जा. २०१९ मध्ये पाणी किती भराभर वाढलं ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि भिजलेलं प्लास्टर म्हणजे पुन्हा भूल.

या गोष्टी दिसल्या तर रात्र असली तरी थांबायचं नाही: पायाची बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, सुजली किंवा हलेनाशी झाली. कशानंही न थांबणारं रडणं. कारण नसताना ताप. प्लास्टरमधून कुजका वास. सतत उलट्या आणि पोट फुगणं. प्लास्टरला तडा.

प्लास्टर निघाल्यावर

कापायच्या यंत्राचा आवाज मोठा असतो, बाळ घाबरतं. कान झाका आणि छातीशी धरा. आतून पाय बारीक, कातडी पापुद्र्यांची, सांधे ताठ. मला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, घासू नका, खोबरेल लावा. हाडं काही आठवडे कमजोर असतात, म्हणून ओढून व्यायाम नको आणि पडण्यापासून जपा. बहुतेकांना पुढं काही महिने झोपताना पट्टा घालावा लागतो.

बाळ रांगायला, उभं राहायला आपल्या वेळेनं लागतं. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका. बसवून फिरवायचा वॉकर आणू नका. घरात जुना लाकडी पांगुळगाडा असेल तर डॉक्टरांनी उभं राहायला परवानगी दिल्यावरच काढा. आमची लेक दीड वर्षाची झाली तेव्हा त्याला धरून ओसरीवरून चालली. पहिल्या दिवशी दोन पावलं, मग एकदम तुळशीपर्यंत.

आणि फाईल. जन्माची नोंद, सोनोग्राफी, प्रत्येक एक्स-रे तारखेप्रमाणे लावून ठेवा, सगळ्यांचे फोटो मोबाईलवर आणि आणखी एका नातेवाइकाच्या मोबाईलवर. मूल छान पळायला लागलं तरी एक्स-रे बंद होत नाहीत, हाडांची वाढ पुरी होईपर्यंत वाटी कशी वाढते ते बघावं लागतं. लेक आता चार वर्षांची आहे. पुढच्या तपासणीची तारीख मी दरवर्षी नवं कालनिर्णय भिंतीवर लावतानाच लाल पेनानं गोल करून ठेवते.